कळांचं औषध

बाई, तक्रार गंभीर आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी घमापुरच्या ज्या दवाखान्यात बसलोय, तिथल्या कँटीनच्या पाटीवर ‘अदरकवाली चाय’ लिहिलंय. दोन कप प्यायलो, आल्याचा पुरावा मिळाला नाही. कँटीनवाल्याला विचारलं तर म्हणाला, “भैया, डाला तो है.” शब्दप्रमाण मानून गप्प बसायला हवं होतं, पण शिष्य तुमचा, पातेल्यात डोकावून आलो. ही खोड तुमचीच देणगी, आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती परत न्यायला कोणी आलं नाही.

व्हेटर्नरी कॉलेजातली ती दुपार आठवते. उंदरिणीच्या गर्भाशयाची पेराएवढी पट्टी कोमट क्षारपाण्यात दोऱ्यानं टांगलेली. दोऱ्याचं दुसरं टोक काट्याला, आणि काटा काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर रेघ ओढतोय; पट्टी आकसली की रेघ वर उसळणार. मी कळा आणणारं ऑक्सिटोसिन घालतो. रेघ सरळच. “औषध खराब आहे,” मी जाहीर करतो. तुम्ही चष्म्यावरून बघता. “औषधावर काहून संशय घेऊन राहिला? ती तयार होती का, ते पाह्यलं?” नव्हतं पाहिलं. मग तुम्ही दुसऱ्या उंदरिणीला अंग तयार करणारं इस्ट्रोजेन टोचून ठेवलंत, दुसऱ्या दिवशी तिची पट्टी लावलीत. औषध तेवढंच, पण काटा असा उसळला की ड्रमबाहेर जातो की काय! गर्भाशय शांत ठेवणारं प्रोजेस्टेरॉन दिलेल्या तिसरीची पट्टी मात्र ढिम्म. तेव्हापासून मी तीनच प्रमाणं मानतो: प्रत्यक्ष, अनुमान आणि तुमचं रागावणं.

लेकीचे दिवस उलटून गेलेत, कळा येत नाहीत. आता तेच औषध सलाईनमधून देणार. मात्रा किती, कशी वाढवणार, अंग तयार आहे का, सगळं विचारलं. तिशीतली डॉक्टरीण हसली. “अंकल, सब चेक किया है. आप चूहोंवाले डॉक्टर हैं ना?” मी बाटलीवरची तारीख वाचायला वाकलो, तर लेकच ओरडली, “बाबा, मी उंदीर नाहीये! चलो, बाहेर बसा.”

बसलोय. डॉक्टरीण हुशार दिसते, तेही संशयास्पदच. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? नाही टाकत. पण खरं सांगतो. आपली पट्टी ताणून तुटली, की आपण दुसरी बांधायचो. आत माझी लेक आहे, आणि मला फार भीती वाटून राहिली, बाई.