कुणाचं भांडं कुणाकडे

८ जून, रविवार

सकाळपासून धुकं. कुंपणापर्यंत दिसतं, पुढे आमचं हॅमिल्टन शहर नाही, नदी नाही, काही नाही. अशा दिवशी मलावीतली ती गावं फार जवळ वाटतात. जणू कुंपणापलीकडेच असतील. गेल्या वर्षी काही आठवडे राहिले तिथे, आणि बोलते मात्र जन्म काढल्यासारखी.

अहवाल जवळजवळ तयार. टंचाईच्या महिन्यांत प्रत्येक गावातल्या काही घरांना चिठ्ठ्या टाकून मका-शेंगदाण्याचं पीठ दिलं, बाकीच्यांना नाही. नंतर दोन्हीकडच्या मुलांची वजनं केली. जवळपास सारखी. प्रकल्पप्रमुख ग्रॅहमने शेवटचं वाक्य लिहून ठेवलंय: ‘परिणाम आढळला नाही.’ महिनाअखेर अहवाल पैसे देणाऱ्या संस्थेकडे जाईल आणि येत्या जानेवारीत पीठ येणार नाही.

वाक्य बरोबर आहे. मला आवडत नाही, एवढंच. आवडत नाही हे काही कारण नव्हे.

११ जून, बुधवार

ओळखीच्या शुभदाताई हॉस्पिटलातली नाइट ड्युटी करून घरी जाताना दारात डबा ठेवून गेल्या. आळूचं फदफदं! शनिवारी मनुरेवाच्या बाजारात पानं मिळाली म्हणे. मेसेज: ‘मीनल, खाजलं तर हॉस्पिटलात ये, मी आहेच.’

नाही खाजलं. लेकीने, ईराने, दोनदा घेतलं, वर म्हणते, “इट्स लाइक ग्रीन सूप.”

१४ जून, शनिवार

पुढच्या फेरीची प्रश्नावली किती लांबते ते बघायचं होतं. नवऱ्याला, निखिलला म्हटलं, तू वाच, मी आपल्याच घराची उत्तरं देते. त्याने सरकारी आवाज काढला.

“बाई, एका चुलीवर जेवणारी माणसं किती?”

“तीन. त्यातलं एक जेवत नाही, फोन बघतं.”

आतून: “आय हर्ड दॅट, आई!”

“गेल्या सात दिवसांत घराबाहेरच्या कुणाला अन्न दिलंत का?”

“नाही.”

निखिल वाचायचा थांबला. माझ्या हातांकडे बघत होता. मी शुभदाताईंच्या डब्यात नारळाच्या वड्या भरत होते.

“मग हे काय चाललंय?”

“हा त्यांचा डबा आहे. रिकामा कसा पाठवू?”

“दिलंस ना पण.”

“दिलं काय त्यात? डबा परत करतेय.”

तो हसत सुटला. मीही. मग माझं हसू थांबलं.

हाच प्रश्न तिथे विचारला होता. बहुतेक सगळ्या बायकांनी ‘नाही’ सांगितलं. त्या ‘नाही’च्या भरवशावर आम्ही धरून चाललो की पीठ ज्या घरी उतरलं त्याच घरी शिजलं आणि तिथेच संपलं. तसं नसेल तर? शेजारच्या घरातली पोरंही तेच खात असतील, तर वजनं सारखी निघणारच. कुणाचीच वाढली नाहीत म्हणून नाही. सगळ्यांची वाढली म्हणून.

चहा गार झाला. वड्या मात्र पोचवल्या.

१५ जून, रविवार

स्वप्न. धुक्यातून झाकलेल्या थाळ्या चालल्या आहेत, डोक्याच्या उंचीवर, खाली माणसं नाहीत. एकीवर आमचा आळूचा डबा. मी मोजायला वही काढते तर थाळ्या थांबतात, विनयाने, मी जाईपर्यंत.

मनी वसे ते स्वप्नी दिसे. म्हणून तर भीती वाटते. एका पुणेरी बाईची सवय हा मलावीचा पुरावा होऊ शकत नाही. तिकडे आपलंच प्रतिबिंब शोधायचं आणि त्याला संशोधन म्हणायचं, हे किती जणांनी केलंय.

१६ जून, सोमवार

चिकोन्डीला विचारलं. तीन वर्षं माझ्याकडे पीएच.डी. करतेय, तिचं गाव आमच्या अभ्यासातल्या गावांपासून दूर नाही, आणि हे मी आजवर विचारलं नव्हतं. तिच्याकडे लग्न झालं की नवरा येतो, मुलगी जात नाही. बहिणी-बहिणींची घरं एका अंगणात. पोरं ज्या मावशीचं शिजलं तिच्याकडे बसतात.

“तुझ्या आईला विचारलं, घराबाहेर कुणाला अन्न दिलंत का, तर?”

“नाही म्हणेल. वर रागावेल. बहिणीच्या मुलांना देतात का? ती जेवतात.”

मग माझ्याकडे बघून, “पण मीनल, मी सहा वर्षांची असताना गाव सोडलं, शहरात बोर्डिंगला. मी सांगते ते अर्धं आजीच्या गोष्टींतलं आहे. माझ्यावर विसंबू नकोस.”

तिचा हा प्रामाणिकपणा आज सोयीचा नव्हता.

१८ जून, बुधवार

ग्रॅ.ने सगळं शांतपणे ऐकलं. मग: “गोष्ट सुरेख आहे. पण गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. तळटीप घाल, हवी तर.”

मी म्हटलं, तळटीप जानेवारीत कोण शिजवून खाणार?

“मीनल, निकाल उलटा आला असता तर हाच प्रश्न पडला असता तुला?”

गाडीत बसून राहिले पार्किंगमध्ये. नसता पडला. खरं उत्तर हेच. पीठ लागू पडलं असं निघालं असतं तर मी खुशाल सही करून वड्या केल्या असत्या.

२० जून, शुक्रवार

मातारिकीची सुट्टी, हे तारे उगवले की सुरू होणारं इथल्या मूळ रहिवाशांचं नववर्ष. पहाटे चिकोन्डीला घेऊन नदीकाठी गेलो. अनोळखी लोकांचे हळू आवाजातले ‘किया ओरा’, इथला रामराम. धुकं क्षणभर विरलं आणि तारे दिसले, इवलासा पुंजका. आपल्या कृत्तिका. चि.ची आजी म्हणे हे दिसले की कुदळ काढायची. तिन्हीकडचे तारे तेच, नावं वेगळी, कामं वेगळी. मी एवढ्यावरच थांबायला हवं. तेच तारे आहेत म्हणून थाळ्याही त्याच, असं नाही.

ईरा थंडीत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून आली होती.

२३ जून, सोमवार

आहे त्या आकड्यांत शोधून पाहिलं. ज्या गावांत जास्त घरांना पीठ मिळालं, तिथली न मिळालेल्या घरांतली मुलं थोडी तरी बाळसेदार आहेत का? रेघ वर जाते. पण इतकी थरथरते की सपाट म्हटली तरी चालेल. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तिसऱ्यांदा चालवणार होते, मग स्क्रीन बंद केला. हवं ते उत्तर येईपर्यंत चालवत राहणं मला माहीत आहे कसं दिसतं.

म्हणजे: मला माहीत नाही. ग्रॅ.लाही माहीत नाही. फरक एवढाच की ‘माहीत नाही’ हे अहवालात ‘आढळला नाही’ म्हणून जाणार.

२६ जून, गुरुवार

ग्रॅ.: उद्यापर्यंत सही, नाहीतर अहवालातून तुझं नाव काढू. रागाने नाही म्हणाला. त्यालाही पुढचा निधी याच संस्थेकडून हवाय, मलाही, चि.च्या शेवटच्या वर्षाचे पैसे त्यातलेच.

निखिल: “तुझं नाव नसलं तर अहवाल थांबेल का?”

नाही.

“मग?”

मग काय. भाजी चिरत राहिले.

२७ जून, शुक्रवार

ग्रॅ.ला लिहिलं, प्रत संस्थेला. पीठ लागू पडतं असं मी म्हणत नाही. आम्ही चुकीचं विचारलं, एवढं म्हणते. एक प्रश्न बदलून काही गावांत पुन्हा जाऊ द्या, तोवर शेवटचं वाक्य राखून ठेवा. नसेल जमत तर माझं नाव काढा.

पाठवण्याआधी चि.ला दाखवलं. पैसे तिचेही आहेत. तिने वाचलं, एक स्वल्पविराम हलवला, म्हणाली, “पाठव.”

नवा प्रश्न दोघींनी मिळून केला: तुमच्या घरात आत्ता कुणाचं भांडं आहे?

१ जुलै, मंगळवार

उत्तर नाही. ग्रॅ. कॉरिडॉरमध्ये मान हलवतो, नेहमीसारखीच. चि. चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेली.

फळीवर बघितलं. शुभदाताईंचा डबा, पुन्हा. चि.चं झाकण. कुणाचा तरी स्टीलचा पेला, गणपतीपासूनचा. आमची मोठी कढई कुठे आहे कोण जाणे.

५ जुलै, शनिवार

अजून उत्तर नाही. दिवसभर धुकं उठलं नाही.

संध्याकाळी चि.चा फोन, तिथे सकाळ. आईच्या अंगणात बसली होती. त्यांचं गाव आमच्या अभ्यासात नाही, त्यामुळे हे कशातच धरता येणार नाही, दोघींना ठाऊक. तरी म्हटलं, विचार. आधी जुना प्रश्न.

आई काहीतरी एका शब्दात म्हणाली. चि. म्हणाली, “नाही म्हणते.”

“आता नवा.”

तिने विचारला. आई हसली, मोठ्याने, आणि तिची पावलं लांब गेल्याचं ऐकू आलं.

“काय म्हणाली?”

“काही नाही. आत बघायला गेली आहे. थांब.”

मी थांबले. फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत होता, मागे कुठेतरी भांडी वाजत होती. इथे खिडकीबाहेर सगळं पांढरं.