मुळाच्या टोकाशी निळं

३ मार्च
धाकटीला आज सगळ्यांसमोर झापलं. ओटची रोपं पाण्यातून काढताना तिने तीन मुळं तोडली. म्हटलं, "कपबशा घरी फोड, इथे नको." सगळे हसले. तीही हसली — तिची ही सवय माझ्या डोक्यात जाते.

प्रयोगशाळेत ती माझी बहीण नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. 'ताई' नाही, 'मॅडम'. नवऱ्याने टाकल्यावर ही नोकरी मीच लावून दिली तिला. मुळं धुवायची, स्लाइड करायच्या, काचसामान घासायचं. विचार करायचं काम माझं.

५ मार्च
काही नाही. डोकं दुखतंय.

९ मार्च
दुपारी धाकटी माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. "ताई — मॅडम, विष पानात तयार होतं ना?"

हो. अकरा वर्षं मी तेच लिहिते, तेच शिकवते. बुरशीला मारणारं विष ओटचं रोप पानात बनवतं आणि खाली मुळांकडे धाडतं. माझी डॉक्टरेट त्यावर. ही खुर्ची त्यावर.

"मग पानच नसलेल्या रोपाचं मूळ निळं कसं दिसतं?"

ते विष अतिनील दिव्याखाली निळं चमकतं, एवढं तिला बघून बघून कळलंय. वीस रोपांचे कोंब तिने फुटता फुटताच खुडले होते. कोणी सांगितलं होतं? "कोणी नाही. सहज."

बियाण्यात साठा असतो, म्हटलं. जा, काचसामान घास.

१२ मार्च
ऐकत नाही. आता मुळाचं नुसतं टोक कापून बशीत वाढवलंय, साखरपाण्यात. ना बी, ना पान.

"नवं वाढलेलं मूळही निळंच आहे, मॅडम. फक्त टोकाशी. तेही सगळ्यात बाहेरच्या थरात. बुरशी जिथे पहिल्यांदा भिडते, तिथेच. शहाणं आहे ना रोप?"

लहानपणी पहिला नंबर आला की अशीच दिसायची. मला तेव्हाही ते बघवत नसे.

"बशी घाण असेल," म्हटलं.

१३ मार्च
संचालकांना दाखवू या म्हणते. "तुम्हीच दाखवा. माझं नाव नको."

हे जास्त झोंबलं.

१६ मार्च
बैठक झाली. ती बशा ट्रेमध्ये नीट मांडून घेऊन आली होती. तिने तोंड उघडायच्या आत मी बोलले. परवानगीवाचून दिवा वापरला. नमुने खराब आहेत. आणि मग — हे ठरवलं नव्हतं, पण आलं तोंडून — "नवऱ्याने सोडल्यापासून हिचं चित्त ठिकाणावर नाही."

ती ट्रे तसाच धरून उभी राहिली. संचालक म्हणाले, "तुमचीच बहीण. तुम्हालाच ठाऊक." संध्याकाळपर्यंत तिचा हिशोब करून दिला.

बशा मी स्वतः उकळत्या पाण्यात टाकल्या. एकेक करून.

१७ मार्च
आईचा फोन. "तिच्या पोटावर पाय दिलास. सख्खी ना तू?" म्हटलं, काम ते काम. तिने फोन ठेवून दिला. ठेवू दे.

२ ऑगस्ट
दुसऱ्या एका संस्थेने छापलं. विष मुळाच्या टोकाशीच बनतं, बाहेरच्या थरात. पानांचा काही संबंध नाही. सोबत छायाचित्रं — निळी, सुरेख.

संचालकांनी बोलावलं. "इतकी वर्षं तुम्हाला कधी दिसलं नाही?"

"नाही."

"होतं असं. माणूस जिथे शोधतो, तिथेच बघतो."

मान डोलावली. खुर्ची शाबूत आहे!

४ ऑगस्ट
धाकटीकडे गेले. का गेले, माहीत नाही. एका कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावते ती आता. एकच खोली, खिडकी भिंतीकडे उघडणारी. बोटं सुयांनी टोचलेली. वाटलं, तोंडावर दार आपटेल. तिने पाणी दिलं. बसायला एकच खुर्ची, ती मला दिली.

बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. "बरं झालं, खरं निघालं." एवढंच. मग माझं तोंड बघून माझीच समजूत काढायला लागली.

"ताई, तुला दिसलंच नव्हतं, त्यात तुझा काय दोष? दिसलं असतं तर तू मला असं हाकललं असतंस का?"

चहा संपवला आणि निघाले. ती कोपऱ्यापर्यंत सोडायला आली.

५ ऑगस्ट
दिसलं होतं. प्रबंध द्यायच्या आदल्या आठवड्यात. दिवा बंद केला आणि मुळं मोरीत ओतली.