चारुदत्तच्या बोटीतलं पाणी

प्रिय सुमे,

आईचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं, असं मनात आणू नकोस. सगळे ठणठणीत आहेत, मी तर जरा जास्तच. पत्र अशासाठी की फोनवर तू "हं, हं" करत डिशवॉशर लावतेस. कागदाला "आई, एक मिनिट होल्ड कर" असं सांगता येत नाही.

फॉक्स लेकला इलाकडे येऊन मला आज नऊ दिवस झाले. तुमच्या शॉमबर्गहून तासाभराची वाट, पण चौदा महिन्यांत ना ती तिकडे आली, ना तुम्ही दोघं इकडे. मलासुद्धा शंतनूने अर्ध्या वाटेवरच्या लायब्ररीच्या पार्किंगमध्ये उतरवलं आणि इलाने तिथून उचललं. बाप गाडीतून उतरला नाही, लेक पुढे आली नाही. दोघांनी लांबूनच एकमेकांना हात केले. मध्ये मी बॅग धरून उभी, कुरिअरच्या खोक्यासारखी. दोघांचे कान पिळायचं मनात आलं होतं, पण वारा झोंबत होता आणि माझे हातमोजे बॅगेच्या तळाशी होते.

हे सगळं कशावरून झालं ते तुला सांगायला नको, तरी एकदा सरळ लिहून काढते, कारण आपल्या घरात ते कुणी सरळ बोललेलंच नाही. इलाने इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा कोर्स केला आणि इथल्या बोटयार्डात नोकरी धरली. आपल्या मराठी मंडळातल्या लोकांची मुलं डॉक्टर, वकील, नाहीतर सनीव्हेलला चिप बनवणारी. त्यांत हे बसेना. मग मागच्या वर्षी गणपतीत, तुझ्या घरी जमलेल्या पन्नास माणसांत पसरलं की इला 'मरीन इंजिनिअर' आहे, नेव्हीचं काहीतरी काम करते, फार विचारायचं नसतं. एका बाईंनी तिच्याच पानात मोदक वाढताना तिला नेव्हीबद्दल विचारलं. ती तडक स्वयंपाकघरात आली. "मम्मा, आर यू अशेम्ड ऑफ मी?" तू तुपाचा चमचा हातात धरून गप्प उभी राहिलीस. ती जी गेली ती गेलीच.

आता तिचं काम सांगते, कारण तू ते पाहिलेलं नाहीस, आणि मी नऊ दिवस घडीच्या खुर्चीवर गोधडी पांघरून दुसरं काही पाहिलेलं नाही. या दिवसांत इथल्या सगळ्या बोटी पाण्याबाहेर काढतात. ज्यांचं इंजिन बोटीच्या पोटात असतं, त्या बोटी तळ्याचंच पाणी ओढून इंजिन थंड ठेवतात आणि ते मागून टाकून देतात. उन्हाळ्यात ठीक. पण हिवाळ्यात आत राहिलेलं पाणी गोठून फुगतं, आणि चार माणसांना न हलणारं ते ओतीव लोखंड मडक्यासारखं तडकतं. नाही तडकलं तरी आतून गंज खातो. म्हणून इला आधी इंजिन चालवून चांगलं तापवते, गरम आहे तोवर जुनं तेल काढते, म्हणजे त्याच्याबरोबर घाण निघून जाते. मग गार झालं की खाली वाकून एकेक बूच काढते. सारं पाणी गेलं याची खात्री झाली की बुचं परत लावायची आणि न गोठणारं गुलाबी औषध भरायचं. त्याने गंजही धरत नाही.

मी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. पोट शिवायच्या आधी चिमटे आणि बोळे मोजायचे, मोठ्याने मोजायचे, आणि आकडा जुळेपर्यंत सर्जनलासुद्धा टाका घालू द्यायचा नाही, हे माझं काम. तुझी मुलगी लाल फडक्यावर बुचं काढलेल्या क्रमाने मांडते. सात काढली तर परत लावताना ओठ हलवत सात मोजते. मी तिला हे शिकवलेलं नाही. पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि मला उगाचच चष्मा पुसावा लागला.

परवा, सोमवारी, तुमचा चारुदत्त आला. शंतनूचा तोच मित्र, ज्याने बोट घेतल्यावर तुम्हा सगळ्यांना तिचे दोनशे फोटो पाठवले होते. ट्रेलरवर बोट लादून आला आणि थेट यार्डाचा मालक डेल याच्यापाशी गेला. टोपी आणि डांगरी घातलेल्या इलाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी तर त्याला गोधड्यांचा ढीगच वाटले असणार. तो म्हणाला, सगळं मी व्हिडिओ पाहून केलंय, इंजिनाला पाच गॅलन औषध आत ओढायला लावलं, मागून गुलाबी बाहेर आलं, तुम्ही फक्त वरून प्लास्टिक गुंडाळा. इलाने इंग्रजीत विचारलं, आधी इंजिन तापवलं होतं का. त्याने उत्तर डेलला दिलं, की एखादा सीनिअर मेकॅनिक असेल तर बोलवा. डेल कॉफी पीत होता. तो म्हणाला, आहे ना, तुम्ही आत्ता तिच्याशीच बोलताय. सुमे, या डेलला चर्च सोडून कशातच रस नाही आणि त्याची कॉफी म्हणजे गटार आहे, पण त्या एका वाक्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं.

इला म्हणाली, उघडून बघितल्याशिवाय मी गुंडाळणार नाही. ती बोटीत उतरली, खालचं बूच काढलं, आणि थेंबही आला नाही. चारुदत्तला केवढा आनंद! "सी? ड्राय! मी सांगत होतो." इलाने खिशातून लोकर विणायच्या सुईएवढी वाकडी तार काढली आणि भोकात घालून हळूहळू फिरवायला लागली. आधी गंजाचा चिखल आला. मग एकदम तपकिरी पाणी, शेवाळाच्या वासाचं, अर्धी बादली. गुलाबी एक थेंब नाही. इंजिन गार असलं की आतली झडप बंद राहते, त्यामुळे त्याचं औषध पुढे न जाता मागच्या मागे निघून गेलं होतं, आणि हा गुलाबी रंग पाहून खूश. ज्या माणसाची नोकरी कंपनीचे सर्व्हर थंड ठेवायची, त्याने हे करावं! जानेवारीत ते इंजिन तडकलंच असतं. इलाने मान वर केली आणि शांतपणे, तिच्या त्या अमेरिकन 'र'सकट म्हणाली, "काका, पाणी येत नाही म्हणजे पाणी नाही, असं नसतं. होल ब्लॉक असतं."

'काका' ऐकून तो दचकलाच. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी, तुम्ही! आणि ही इला? अहो, पण ही तर नेव्हीत..." आणि सुमे, मग तो माझ्याकडे वळून, अगदी निरागसपणे, म्हणाला, "तुम्हीच नाही का मला सांगितलंत, आरतीच्या आधी, सोफ्यावर? गुपित काम असतं म्हणून?"

तर ते असं आहे. तुला हे चौदा महिने ठाऊक आहे. त्या दिवशी स्वयंपाकघरात इलाने तुला विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी मोदकपात्राचं झाकण उघडून आत बघत बसले. तू एक शब्द बोलली असतीस तर मुलगी राहिली असती आणि पन्नास माणसांत तुझी आई खोटी पडली असती. तू मला वाचवलंस. मी तेव्हा स्वतःला सांगितलं, की दोन दिवसांत निवळेल.

मी नर्सिंगला गेले तेव्हा माझी आई नातेवाइकांना सांगायची, मुलगी हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांबरोबर असते. नर्स हा शब्द तिने माझं लग्न होईपर्यंत उच्चारला नाही. त्याबद्दल मी तिला शेवटपर्यंत माफ केलं नाही, तुझ्यासमोर किती वेळा बोलले असेन. आणि चारुदत्तने भुवया उंचावून "बोटी दुरुस्त करते?" म्हटल्याबरोबर माझ्याच तोंडून नेव्ही बाहेर आली. समोरच्या माणसाच्या दोन भुवया, बस, तेवढ्याने.

इला परत इंजिनावर वाकली. दुसऱ्या बाजूचं पाणी काढलं, सातही बुचं लावली, औषध भरलं. फक्त मोजणं तिने दोनदा केलं. चारुदत्त गेल्यावर ट्रेलरच्या दांड्यावर बसली आणि विचारलं, "आजी, यू?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ हात पुसत राहिली, स्वच्छ झाले तरी. मग म्हणाली, मी मम्माला काय काय बोलले, आणि तिने एकदाही तुझं नाव घेतलं नाही.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना खोटं बोलणारीला छडी मारत नसत. ज्या ज्या मुलीला खोटं सांगितलं, तिच्यापुढे जाऊन ते परत घ्यायला लावत, एकेकीपुढे. काल मी मंडळातल्या, ज्यांना ते खोटं सांगितलं होतं त्या अकरा जणांना फोन केले. सांगितलं, माझी नात बोटींची इंजिनं दुरुस्त करते, नेव्ही मी बनवली होती, आणि तुमची बोट असेल तर पुढच्या वर्षी सप्टेंबरातच नंबर लावा, नंतर तिला वेळ नसतो. दोघींनी फोन ठेवून दिला. ठेवू देत. बारावी तू आहेस, आणि तुझ्यासाठी फोन पुरला नसता. शनिवारी इला मला घेऊन तुझ्या दारात येणार आहे, आणि तुझी माफी मागायची असं तिने ठरवलंय. इंग्रजीतून पाठ करते आहे, मला भिंतीतून ऐकू येतं. ती मागू देऊ नकोस. त्या आधी पोचावं म्हणून हे आजच टपालात टाकते आहे. माफी मागणारी मी आहे, सुमे. माझं चुकलं.

तुझीच, कितीही रागावलीस तरी,
आई