काळ्या फळ्याखालचा फणस

सर, तुमचा फळा पिवळा निघाला.

दुसरं काही लिहायच्या आधी हे लिहून टाकतो, कारण गेले काही दिवस मी हेच एक वाक्य घोळवत हिंडतो आहे, शाळेत असताना तुम्ही शिकवलेली कविता घोळवत बांधावरून घरी जायचो तसा. शाळेत आता भिंतीवर पांढरा गुळगुळीत फळा आला. जुना मागच्या पडवीत टाकून दिलेला दिसला. मी तो रिक्षाच्या टपावर बांधून घरी आणला. म्हटलं, याचं कपाट करू, माझी कवितांची पुस्तकं ठेवायला. सुतार आला, त्यानं रंधा लावला. काळ्या रंगाच्या सालपटांमागून हळदीसारखं लाकूड वर यायला लागलं, तसा तो थांबला. "काका, तुमी तर म्हणालास ऐनाचो फळो म्हणान. ह्या ऐन न्हय. ह्यो फणस! ऐन असो पिवळो खंय आसता?" मी त्याला म्हटलं, "परत बोल." तो म्हणाला, "फणस ओ, फणस. म्हातारे झालास तुमी, कानान कमी येता काय?" सर, मी त्या भुशात मटकन खाली बसलो आणि हसायला लागलो. त्याला वाटलं, मला भोवळ आली.

तुम्हाला आठवत असेल, नव्हे, तुम्ही कसे विसराल. देवाच्या रायीतलं ऐनाचं झाड कुणीतरी एका रात्रीत तोडून नेलं होतं. त्या रायीतली वाळकी काटकीही गावातलं कुणी उचलत नाही. आणि त्याच आठवड्यात आमच्या वर्गात नवा फळा आला, दोन्ही अंगांनी काळाभोर रंगवलेला. तुम्ही घाटावरचे, एकटे, एका विधवेच्या घरी खोली घेऊन राहणारे. विचारायला आलेल्यांना तुम्ही एवढंच म्हणालात, "लाकूड भेट मिळालंय. कुणी दिलं ते सांगणार नाही." झालं. आमच्या गावात ऐन आणि फणस न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही, पण नखानं रंग खरवडून पाहावा असं एकालाही सुचलं नाही. काळा रंग दिसला, तोच पुरावा झाला. मग देवळात गाऱ्हाणं घातलं. देवाचा मानकरी गावकर पुढे उभा, पाठीमागे सगळा गाव, आणि तुम्ही खांबाला टेकून. गावकरानं तुमचं नाव घेतलं नाही. "जेना कोणी तुझ्या रायीत कुऱ्हाड घातली, म्हाराजा," एवढंच म्हणाला आणि तुमच्याकडे बघत राहिला. गाव गरजला, "व्हय म्हाराजा!" मग खोबऱ्याचा प्रसाद वाटणारा माणूस तुमच्यापाशी येतो, तुमचा हात पुढे झालेला असतो, आणि तो पुढच्याच्या हातावर तुकडा ठेवून निघून जातो. तुमचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तुम्ही तो खिशात घातलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात आलात ते त्याच फळ्यावर पाच इंग्रजी शब्द लिहायला. आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसत होतो. तुम्ही म्हणालात, "आपण या सगळ्यांना बदनामी म्हणून मोकळे होतो. आपल्याकडे शब्द कमी आहेत असं नाही, आपल्याला घाई फार. सकाळचा बांगडा दुपारी बाजारात पडून असतो. त्याच्यावर कुणी आरोप केलेला नसतो, पण हातही कुणी लावत नाही. हे डिसरेप्यूट. जेटीवर मासे पळवणारा बोका सगळ्यांच्या शिव्या खातो, पण सगळे त्याला ओळखतात, थोडं कौतुकही असतं. ही नोटोरायटी. भर पंगतीतून कुणाला उठवलं, की त्याचे कान तापतात ना? ती इग्नॉमिनी. माणूस मरतो आणि त्याच्या नातवंडांनाही लोक त्याच्या काळ्या कृत्यानं ओळखतात. ती इन्फमी." मग पाचव्या शब्दाखाली तुम्ही रेघ ओढलीत. "डिसग्रेस. यात ग्रेस आहे, म्हणजे कृपा. आधी ती असावी लागते, मगच काढून घेता येते. ज्याला कुणी जवळ केलंच नाही, त्याची डिसग्रेस होत नाही." तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमका ह्यातलो खयचो लागू?" वर्ग फुटला. तुम्हीही हसलात, सर. खरंच हसलात. म्हणालात, "शोधा. घाई नको. या उत्तराला वेळ लागेल."

वर्ष संपता संपता तुमची बदली झाली. मसुऱ्याच्या रस्त्याला लागलेल्या एस्टीत तुम्ही खिडकीशी बसला होतात. पोचवायला कुणी नव्हतं. पुढे तुम्ही वारल्याचं कळलं तेही उडत उडत, कुणाच्या तरी बोलण्यात.

पण सुतारानं फणस म्हटल्याबरोबर मला उत्तराचा निम्मा भाग दिसायला लागला होता. लाकूड कुणी दिलं ते ठाऊक असलं तर तिलाच, म्हणून मी उठलो आणि तुमच्या घरमालकिणीच्या, त्या विधवेच्या मुलीकडे गेलो. माझ्याच वर्गातली, आता पणजी झालेली, काजू फोडत बसली होती. पिवळं सालपट तिच्यापुढे धरलं, तर तिनं ते हुंगलं आणि डोळ्यांना पदर लावला. "आमचोच फणस, रे. सामायिक होतो, काकांचो वाटो होतो तेच्यात. जुन्या फळ्यार अक्षर दिसा नाय म्हणान मी रडत होतंय. आयेन काकांक न इचारता फणस तोडल्यान, बुंध्यार सरपण रचल्यान आणि सरांक शपथ घातल्यान. सांगलास तर काका आमका घराभायर काढतले म्हणान." म्हणजे रंग खरवडला असतात तर तुम्ही सुटला असतात, आणि ती माय-लेक रस्त्यावर आली असती. म्हणून खडू घासत राहिलात, त्याच काळ्यावर.

मग मी गावकराकडे गेलो. जुन्याचा मुलगा, वयानं माझ्याहून थोडा लहान. त्याला सालपट दाखवलं. तो म्हणाला, "आता मेलेल्या माणसाक काय होया? आणि माझ्या बापाशीन घातलेला गाऱ्हाणा मी देवासमोर खोटा म्हणू?" मी म्हटलं, "खोटा म्हणू नको रे. अर्धा रवला हा. पुरा कर." त्यानं सुपारी कातरून अर्धी माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, "उद्या येवा. फळी घेवन येवा."

सर, काल सकाळी देऊळ भरलं होतं. फळी देवापुढे ठेवली, निम्मी काळी, निम्मी पिवळी. काजू फोडणारी ती म्हातारी पुढे, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उभी. गावकरानं या वेळी तुमचं नाव घेतलं, आडनावासकट, खणखणीत. "तेचा नाव आमी काळा केला, म्हाराजा. तेची कुऱ्हाड न्हय होती, म्हाराजा. ता नाव आज तुझ्यासमोर धुतला, म्हाराजा!" आणि गाव गरजला, "व्हय म्हाराजा!" कौलांवरची कबुतरं उडाली. ऐन कुणी तोडला ते आजही कुणाला ठाऊक नाही, आणि काल कुणी विचारलंही नाही. प्रसाद वाटत आला तेव्हा मी दोन हात पुढे केले, दोन्ही वेगवेगळे. "ह्यो कोणाचो?" वाटणाऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, "सरांचो." त्यानं मोठा तुकडा निवडून ठेवला.

तर उत्तर हे, सर. डिसग्रेस. इन्फमी नव्हे. कृपा काढून घेतली होती, म्हणून परत देता आली. वेळ लागला, तुम्ही म्हणाला होतात तसाच. फळी मी पूर्ण तासू दिली नाही. एक कोपरा काळा ठेवलाय, आणि हे पत्र त्याच फळीमागे ठेवणार आहे, कारण दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. तुमच्या वाट्याचं खोबरं मीच खाल्लं, गोड होतं.

आता एक राहिलं. त्या पहिल्या गाऱ्हाण्याच्या वेळी मी तुमच्या मागेच उभा होतो. गाऱ्हाण्याला चाल असते, सर, आणि चालीपुढे मला तेव्हा काही सुचायचं नाही. "व्हय म्हाराजा" म्हणताना सगळ्या गावात माझा आवाज मोठा होता. तुम्ही मागे वळून माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, चाल बरोबर लागली म्हणून पाहताय.