दारापुढचा उतार

अण्णा, गारखेड्याच्या घराला दारापुढं उतार बांधून घेतला, आईच्या चाकाच्या खुर्चीसाठी. तोही तुमच्या संस्कृतवाल्या मुलानं आकृती काढून, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. दुसरी एक बातमी आहे, ती मागून सांगतो.

तुम्ही शाळेत पोरांना भौतिकशास्त्र शिकवायचात आणि घरी मला, म्हणजे जास्त कष्ट घरीच. एका रविवारी स्वयंपाकघरात तुम्ही बसायचा पाट एका बाजूनं उचलून धरलात, वर शेंगदाण्याचा पितळी डबा ठेवलात. मी वहीत वजनाचा बाण उताराच्या दिशेनं काढला होता, कारण डबा तिकडंच घसरणार हे दिसत होतं. तुम्ही म्हणालात, "वजन सरळ खालीच. पाट तिरका झाला म्हणून वजन तिरकं होत नाही." मग दया येऊन माझ्या प्रांतात उतरलात: समासाचा विग्रह करतोस ना, तसा त्या बाणाचा कर. एक तुकडा पाटावर दाबणारा, दुसरा पाटावरून खाली ओढणारा. पाट जितका उभा, तितका ओढणारा मोठा. हे दाखवायला तुम्ही पाट आणखी उचललात आणि डबा थेट स्टोव्हवर जाऊन आदळला. आई दाणे वेचत म्हणाली, "पोरगं पास होईल का नाय ठाऊक नाय, डब्याला मातर पोचा आला." त्या पोच्यावरून तिनं तुम्हाला शेवटपर्यंत सोडलं नाही.

बांधायच्या दिवशी मिस्त्री उतार आखूड करायला निघालेला, गेटपाशी स्कूटर मावावी म्हणून. मी फरशीवर खडूनं त्रिकोण काढतो, लांब केला तर ढकलायला किती हलकं जाईल ते सांगतो. वजनाचा बाण सरळ खाली. आई आत खुर्चीत बसून बघते आहे. म्हणते, "बरोबर काढलास रे. त्यांना दावायला पाह्यजे होतं."

उतारावर ओली पोती पडली. पक्का होईपर्यंत पाणी मारा, वजन टाकू नका, असं मिस्त्रीनं बजावलं. आई रोज विचारायची, वाळला का. वाळला की गुलमंडीच्या बाजारात जायचं होतं तिला. काय घ्यायचंय म्हटलं तर म्हणे, "घ्यायचं काय, बघायचंय."

पोती ओली असतानाच तिला दम लागला. शेजाऱ्यांनी आणि मी खुर्ची उचलून बाजूच्या पायऱ्यांवरनं उतरवली. त्या दमातही म्हणाली, "त्याच्यावर पाय नका देऊ रे." दवाखान्यातून ती परत आली नाही. हीच ती बातमी, अण्णा.

रिकामी खुर्ची आता उतारावरून दोन बोटांनी वर येते. वजनच गेल्यावर विग्रह कशाचा करायचा, तेवढं तुमचं शिकवायचं राहिलं.

हे पत्र टाकत नाही. घरातलं सगळं तुम्हाला तिच्याकडूनच कळायचं, हेही कळलं असेल. एक मात्र तिलाही माहीत नाही. मी अजून रोज सकाळी उतारावर पाणी मारतो. तो पक्का कधी होतो, हे मिस्त्रीला मी विचारलेलं नाही.