फाट्यावरचा खांब

१३ जानेवारी २०२५, सोमवार

पॅच मिळाला. पुनमचा पाय मोडला. दोन्ही एकाच रविवारी!

माती परीक्षणाच्या कामावर आज गेले नाही. आईला सांगितलं, अंग दुखतंय. कुठेच दुखत नाही.

काय झालं ते इथे तरी सरळ लिहिते.

जळगावहून तेरा मोटरसायकली निघालो. धरणगाव, अमळनेर, मग आतल्या रस्त्याने धुळे. आमच्या ग्रुपची पद्धत अशी — फाटा आला की कॅप्टनच्या मागची गाडी तिथे थांबते. त्या गाडीला आम्ही ‘खांब’ म्हणतो. खांबाने हात करून वळण दाखवत उभं राहायचं. सगळ्यात शेवटी सुकदेवभाऊ असतात, त्यांच्या गाडीला पिवळा रुमाल बांधलेला असतो. तो रुमाल गेला की खांब सुटला. त्याआधी काही झालं तरी हलायचं नाही. आणि फाट्यावर खांब नसेल तर मागच्याने सरळ जायचं, मनाने वळायचं नाही.

हे सगळे नियम मीच लिहून काढलेत. माझं अक्षर चांगलं म्हणून! योगेंद्रने — तो आमचा कॅप्टन — ते लॅमिनेट करून चहाच्या टपरीवर लावलेत. तिथेच दर रविवारी जमतो.

अमळनेरच्या पुढच्या फाट्यावर मी खांब होते. धुळ्याला डावीकडे वळायचं. नऊ गाड्या गेल्या. पुनम आणि सुकदेवभाऊ बाकी होते. मला माहीत होतं. मी मोजत होते.

वीस मिनिटं झाली. आईने बांधून दिलेल्या भाजलेल्या शेंगा खात बसले. टरफलं तिथेच टाकली. (कचरा खिशात घालायचा, हा नियमही माझाच.) मग योगेंद्रचा मेसेज — ढाब्यावर पोचलो, तुझा जाकिटावरचा पॅच द्यायचाय, फोटोवाला घाई करतोय, कुठे आहेस?

मी निघाले.

मागे पुनमची क्लचवायर तुटली होती. भाऊंनी ती बसवली. हत्यारं आवरता आवरता तिला म्हणाले, तू हो पुढे, फाट्यावर खांब शे. फाट्यावर कोणी नव्हतं. ती सरळ गेली. पुढे रस्ता उखडून खडी टाकलेली होती. भाऊ पाचच मिनिटांनी तिथे पोचले, म्हणून बरं.

ढाब्यावर माझा फोटो झाला आणि भाऊंचा फोन आला. योगेंद्रने विचारलं, “कामिनी, तू होतीस ना गं फाट्यावर?”

पॅच हातात होता. अजून गरम वाटत होता, प्रेसमधून आल्यासारखा.

“होते,” मी म्हणाले. “दोन गाड्या सरळ गेल्या. हात केला, ओरडले. थांबल्या नाहीत. मला वाटलं आपल्या नसतील.”

इतकं सगळं एका दमात! कुठून आलं कोण जाणे.

योगेंद्रने फोन स्पीकरवर टाकून भाऊंना विचारलं. भाऊंनी प्रश्न पुन्हा एकदा विचारायला लावला. मग म्हणाले, “घाईमा ध्यान नही ऱ्हायनं.”

म्हणजे त्यांनी फाट्याकडे पाहिलंच नाही. मी सुटले.


१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ डब्यात भरला. दवाखान्यात गेले नाही.


१९ जानेवारी, रविवार

गेले शेवटी. पाय प्लॅस्टरमध्ये, वर टांगलेला. पुनम हसली. मी आत शिरताच म्हणाली, “आली बघा पॅचवाली!”

तिचे वडील, मोतीलालनाना, खुर्ची सोडून उठले, मला बसायला दिली. त्या खुर्चीवर बसणं नको झालं.

पुनम म्हणाली, “मला तर फाट्यावर कोणीच दिसलं नाही गं.”

मी काही बोलायच्या आतच नाना तिच्यावर ओरडले. “कामिनी सांगी रायनी ना, ती व्हती तठे! शिकेल पोर शे, खोटं कसाले बोलई ती? तुनंच ध्यान नही.”

शिकेल पोर. आमच्या घरात पहिली पदवी माझी. आमच्या गावाच्या, असोद्याच्या वेशीवर माझ्या नावाचं बॅनर लागलं होतं. नानांनी ते पाहिलं होतं म्हणे.

पुनम माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तू म्हणतेस तर माझंच लक्ष नसेल.”

तीळगुळाचा डबा पिशवीतच राहिला.


२३ जानेवारी

आईने पॅच शिवला. मी जाकीट लपवून ठेवलं होतं, तिने शोधून काढलं. “काय लिहेल हाये व याच्यावर?” वाचून दाखवलं — सातपुडा रायडर्स. तिने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मशीनवर दुहेरी टीप घातली, वरून हाताने टाके. “आते फाटलं तरी निंघनार नाही.”

दीड वर्ष या पॅचसाठी झुरले. आबांची जुनी स्प्लेंडर घेऊन रोज जळगावला जायचे तेव्हा पारावरून आवाज यायचे — दूधवाली आली, दूधवाली! आणि एक दिवस निळ्या गाडीवरची एक मुलगी मागून आली, सिग्नलला शेजारी थांबली, म्हणाली, “चेन किती सैल सोडलीय! चल, माझ्या ओळखीचे भाऊ आहेत.” ती पुनम. ते सुकदेवभाऊ. ज्यांच्यामुळे मी ग्रुपमध्ये आले ते दोघंच त्या दिवशी माझ्या मागे होते.


२६ जानेवारी

झेंड्याची राइड. पिवळा रुमाल दुसऱ्याच कोणाच्या गाडीला बांधला होता. भाऊंनी स्वतःच काढून दिला म्हणे. मुलीला एकटं पुढे सोडलं, ही चूक माझीच, असं योगेंद्रला सांगितलं. ते मधल्या रांगेत होते. मागे बघायची सवय जात नव्हती त्यांची.


२ फेब्रुवारी, रविवार

ब्रेक आवाज करत होते म्हणून भाऊंच्या गॅरेजवर गेले. खोटं. ब्रेक ठीक होते. सांगायचं ठरवून गेले होते.

भाऊंनी चाक काढलं, पुसलं, परत बसवलं. “बठ्ठं चांगलं शे. काय दुखस तुना गाडीले?”

मी म्हणाले, “भाऊ, त्या दिवशी फाट्यावर—”

ते थांबले. हातातलं फडकं खाली ठेवलं. पूर्ण माझ्याकडे वळून बसले. इतक्या नीट माझं कोणी ऐकायला बसलं नव्हतं कधी.

आणि मी म्हणाले, “—फाट्यावर ऊन फार होतं.”

जानेवारीत!

भाऊंनी फडकं उचललं. “हां,” म्हणाले. “ऱ्हास कधी कधी.”


६ फेब्रुवारी

पुनमचा मेसेज. नाना गाडी विकताहेत. धुळ्याचं गिऱ्हाईक आहे, पुढच्या गुरुवारी न्यायला येणार. गाडी गेली की भुसावळच्या क्लासवरची तिची नोकरीही जाणार, सकाळच्या वेळेला बस जुळत नाही. पाय बरा झाल्यावर घरीच बस म्हणताहेत. ‘जिचं रस्त्यावर ध्यान नाही तिला गाडी कशाला’ — नानांचं एवढंच म्हणणं. दुसरं काही त्यांच्या मनात नाही.

खाली लिहिलं होतं — “तू एकदा बोल ना नानांशी. तुझं ऐकतात ते.”

सात दिवस आहेत. एक वाक्य बोलायचंय.


९ फेब्रुवारी

तिच्या गल्लीपर्यंत गेले. निळी गाडी धुऊन दारात उभी होती. दोन ठिकाणी खरचटलेली. नाना आरसा पुसत होते. मला पाहून हात वर केला — ये ये! मी हॉर्न वाजवला आणि सरळ निघून गेले. कामात असल्यासारखी.

सांगितलं तर काय होईल? पॅच जाईल. टपरीवर लावलेल्या माझ्या अक्षराकडे बघून लोक हसतील. असोद्यात कळेल, आबांना कळेल. आणि पुन्हा मी एकटीच त्या रस्त्यावर — दूधवाली.

हे लिहून काढल्यावर किती लहान दिसतंय! तिचा पाय, तिची नोकरी, तिची गाडी. माझं काय, तर एक कापडाचा तुकडा.


११ फेब्रुवारी

उद्या नक्की.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर फार गर्दी होती. मातीचे चाळीस नमुने. जेवायलाही वेळ झाला नाही.


१४ फेब्रुवारी

काल चाळीस नव्हते. नऊ होते.


१६ फेब्रुवारी, रविवार

आज टपरीवर सगळ्यांसमोर सांगितलं. उभी राहून. चहाचे ग्लास हातात तसेच राहिले सगळ्यांचे. मी खांब सोडला, मी खोटं बोलले, पुनमची चूक नाही, भाऊंची नाही.

वाटलं होतं, जाकीट काढायला लावतील. त्याची तयारी करून गेले होते. खरं तर त्याचीच वाट पाहत होते.

योगेंद्र म्हणाला, “बरं, झालं ते झालं. ग्रुपवर टाकू नको. धुळ्याच्या ग्रुपच्या पोरांना कळलं तर वर्षभर चिडवतील आपल्याला.” कोणीतरी म्हणालं, असा पाच-दहा मिनिटं आधी खांब सगळ्यांनीच सोडलाय कधी ना कधी. हसले. पुढच्या राइडचं बोलणं सुरू झालं.

याच्यासाठी मी महिनाभर गप्प होते? या माणसांचं व्हायचं म्हणून?

एकटे भाऊ हसले नाहीत. ग्लास ठेवला, जवळ आले, म्हणाले, “माले सांगीसन काय उपयोग, पोरी? जिले सांगनं शे तिना घर जाय.”

घरी येऊन पॅच उसवायला बसले. आईचे टाके. तास गेला तरी अर्धाच निघाला. आई दारातून बघत होती. मग तिनेच ब्लेड आणून दिलं.


१७ फेब्रुवारी, सोमवार

कामावरून थेट पुनमकडे गेले. दारात गाडी नव्हती, फक्त स्टँडचा खड्डा आणि तेलाचा डाग. नाना घरात नव्हते. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “माहितीये. भाऊंनी दवाखान्यातच सांगितलं होतं, तू यायच्या आदल्या दिवशी. फाट्यावर शेंगांची टरफलं होती, माणूस नव्हतं.”

“मग माझंच लक्ष नसेल, असं का म्हणालीस? नानांना का नाही सांगितलंस?”

“भाऊ म्हणाले, येईल ती मागून, जरा थांबू. म्हणून खांबासारखी उभी राहिले.” कुबडी हाताशी ओढली तिने. “गुरुवारपर्यंत थांबले मी, कामिनी.”