अठराव्या बदलाची नोंद

३ मार्च
तैवानमधल्या किलुंगच्या टेकडीवर, अस्थिकलश ठेवायच्या मनोऱ्यात आज रुजू झाले. खिडकीतून अख्खं बंदर दिसतं! राखणदार वेन काकांनी गरम सोयादूध पाजलं. म्हणाले, इथले रहिवासी गुणी, कधी भांडत नाहीत. कुणाचा कलश कोणत्या कप्प्यात, हे डेटाबेसमध्ये सांभाळायचं. त्यातच एक छोटा तक्ता आहे: प्रत्येक बदलाचा क्रमांक आणि तारीख. रोज सकाळी प्रोग्राम शेवटचा क्रमांक वाचतो आणि पुढचा लिहून ठेवलेला बदल स्वतः करतो. आजचा आकडा सतरा.

११ मार्च
रंगकामासाठी तिसऱ्या मजल्यावरची एक रांग रिकामी केलीय. परत लावताना पहिला कप्पा बंद ठेवायचाय, म्हणून चाळीसही कलश एकेक घर पुढे. हा अठरावा बदल. घाईत, प्रोग्रामची वाट न बघता, डेटाबेसमध्ये हातानेच केला. नोंद उद्या करेन.

२० मार्च
च्वांग काकू रोज येऊन वारलेल्या नवऱ्याच्या कप्प्यापुढे कौल लावतात. आठवडाभर नुसता नकार. आज मला म्हणाल्या, "पोरी, चाळीस वर्षं संसार केला, एवढे कधी रुसले नाहीत गं."
तक्ता उघडला. मी नोंद केली नव्हती, म्हणून बारा तारखेला प्रोग्रामने तोच बदल पुन्हा केला होता. नावपट्ट्या अकराच्या, म्हणून एक घर सरकल्या; वेन काकांनी माझ्या बारा तारखेच्या यादीवरून लावलेले कलश मात्र दोन घरं. काकू परक्यापुढे हात जोडत होत्या.

२१ मार्च
प्रोग्रामने केलेल्या नोंदीची तारीख बारावरून अकरा केली, म्हणजे बदल एकदाच झालाय असं दिसावं. चूक वेन काकांची ठरली. आमचे साहेब म्हणाले, पितरांचा छिंगमिंग सण झाल्यावर गुपचूप नीट लावू. काकांना घरी बसवलं. जाताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "वय झालं, दुसरं काय!" मी त्यांच्या हातून किल्ल्या घेतल्या.

२४ मार्च
तक्त्यात पुन्हा सतरा. अठराची ओळच नाही. पुन्हा लिहिली. वर जाऊन पाहिलं — सगळे कलश आणखी एक घर पुढे. किल्ल्या माझ्याच खिशात होत्या.

२५ मार्च
सतरा. रांगेतले कप्पे संपले. शेवटचा कलश माझ्या टेबलावर होता. गार. ओला.

२६ मार्च
खरं लिहिलं. अठरा, दोनदा झाला, चूक माझी, पेइ-जुंगची. साहेब फोन उचलत नाहीत. टेबलावर आज दुसरा कलश — च्वांग काकूंच्या नवऱ्याचा.

काकू जिना चढतायत. आधी सांगायलाच हवं —

आल्या. कलश पाहून हसल्या. "इथे लपून बसलात होय!"

झाकण हलतंय. आतून. काकू हात पुढे करतायत. काकू, थांबा, आत तुमचे ते नाहीत, दुसरंच काही आहे — माझ्यामुळे —